धोतर दिसलं की लाँच वळते

५ जुलै १९७७, मंगळवार

आज लाँचवरचा पहिला दिवस. लिहून ठेवावंसं वाटलं म्हणून ही वही काढली. मराठीत लिहितेय, कारण अम्मीला फक्त उर्दू वाचता येतं आणि औरंगाबादला उस्मानपुऱ्यात घरी गेले की ती माझी पिशवी उपसल्याशिवाय राहत नाही. पोलिस ॲक्शननंतर अब्बांचं उर्दू दफ्तर बंद झालं, तेव्हा त्यांनी मला हट्टानं मराठी शाळेत घातलं. पोरगी त्या लिपीचा उपयोग आईपासून लपवायला करेल, असं त्यांना वाटलं नसेल.

लाँच नंबर तीन. धरणाच्या कामासाठी आणलेली. काम संपलं, लाँच उरली, म्हणून पैठणच्या दवाखान्याला दिली. आत एक लांब बाक, एक स्ट्रेचर, औषधांची पेटी, सुया उकळायला स्टोव्ह आणि नर्स म्हणून मी. मंगळवारी आणि शुक्रवारी पाण्याकाठच्या पाच वस्त्या करायच्या. चालवणारे फकिरामामा. पन्नाशीचे, भोई समाजाचे, बोलायला कमी.

मला दोनदा उलटी झाली. मामा वळूनही न बघता म्हणाले, "पान्याकडं नका बघू, बाई. काठाकडं बघा." काठाकडं बघितलं तर खरंच बरं वाटलं.

शेवटची वस्ती खांबटाकळी. मूळ गाव पाण्याखाली गेलंय. पंचवीसेक घरं वरच्या टेकाडावर येऊन बसलीत. तीन बाजूंना पाणी, चौथीकडून काळ्या मातीची गाडीवाट. पैठण गाठायला बैलगाडीला सहा तास लागतात, लाँचला चाळीस मिनिटं. पोरं "लांच आली, लांच आली" ओरडत धावली. लाँच ज्यांच्या हाताखाली आहे त्या औरंगाबादच्या साहेबांची सूचना आहे की लोकांना नीट 'लाँच' म्हणायला शिकवा.

२२ जुलै, शुक्रवार

परतताना खांबटाकळीच्या खाली मामांनी इंजिन मंद केलं. म्हणाले, "इथं मारुतीचं देऊळ व्हतं. आता आपुन त्याच्या वरून चाललोय."

मग स्वतःहूनच सांगू लागले. लाँच आली तेव्हा पहिलं काम होतं मोजणीचं. शिशाचा गोळा बांधलेली दोरी पाण्यात सोडायची आणि कुठं किती पाणी चढलं ते मोजणीच्या साहेबांना सांगायचं. दोरी मामांच्याच हातात असायची. "माझ्या घराच्या जाग्यावर तीस फूट भरलं, बाई. मीच वरडून सांगितलं, तीस." नंतर पाणी भराभर चढलं, तेव्हा हीच लाँच लोकांना, कोंबड्यांना, उतरंडीतल्या मडक्यांना काढायला लागली. त्यांची बहीण वच्छलाबाई पाचोडला गेली. तिची मुलगी द्वारका टेकाडावरच्या पुंजारामला दिलेली, ती इथंच राहिली.

"आता हिनं दवाखाना केला, बरं झालं," मामा म्हणाले. "हिच्या हातनं लई उठवलं आमचं. आता काही बसवू दे."

१९ ऑगस्ट, शुक्रवार

परवा पुंजारामला शेतात साप चावला. त्याची आई सरूबाई वस्तीची जुनी सुईण. मी आल्यापासून माझ्याशी धड बोलत नव्हती. तिनं डोकं चालवलं. मेलेल्या नवऱ्याचं पांढरं धोतर उंच बांबूला बांधून टेकाडाच्या टोकाला रोवलं. पाण्याची पातळी टिपायला मामांचा रोज एक फेरा असतोच. त्यांना लांबून धोतर दिसलं, त्यांनी लाँच वळवली आणि पुंजाराम तासाभरात पैठणला इंजेक्शनाखाली होता. वाचला.

आज त्याला घरी सोडायला गेलो. द्वारकाबाईनं आम्हा दोघांना ओवाळलं. मामा लाजले. भाचीला म्हणाले, "मला कशाला, मिशिनीला ओवाळ." तिनं खरंच जाऊन इंजिनाला कुंकू लावलं. चौथा महिना चाललाय तिला.

मी सरूबाईला म्हणाले, "आजी, तुमची युक्ती सगळ्या वस्त्यांना सांगते मी." आणि पाचही ठिकाणी सांगितलं: अडलेल्या माणसाला गाडीत घालून धक्के खात नेऊ नका. धोतर लावा. धोतर दिसलं की लाँच वळते.

४ ऑक्टोबर, मंगळवार

साहेब स्वतः धक्क्यावर आले. लाँचवर चढले, इंजिन चालू करायला लावलं, बाकावर बसून बघितलं. मला म्हणाले, "सिस्टर, तुमचं काम नाव काढण्यासारखं आहे. लाँचच्या वापराचा एक अहवाल लिहून द्या. किती दिवस लागते, किती दिवस मोकळी असते, चालते कशी."

फेऱ्यांबद्दल मी आपणहूनच रविवारभर बसून चार पानं लिहिली होती, तीच नीट उतरवून दिली. इंजिन उत्तम आहे, फकिरा हे अत्यंत कुशल चालक आहेत, आणि लाँच आठवड्यातले पाच दिवस जवळपास मोकळीच असते, असं स्पष्ट लिहिलं. ते वाचून आणखी एक सिस्टर देतील आणि फेरे वाढवतील. साहेबांनी 'मोकळीच असते' या शब्दांखाली रेघ मारली. म्हणजे मुद्दा पोचला.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

लाँचला रंग लागतोय! दोन आठवडे फेरे बंद होते, पण तक्रार नाही. आज बघून आले. बाहेरून पांढरी आणि निळी. बाक काढून निळ्या रेक्झिनच्या खुर्च्या बसवल्यात, खिडक्यांना पडदे. आमच्या बाया कधी अशा खुर्चीत बसल्या नसतील. स्ट्रेचर आणि औषधांची पेटी गोदामात ठेवलीय, रंग वाळेपर्यंत.

मामांना पांढरा गणवेश मिळालाय, टोपीसकट. मी म्हटलं, "मामा, आता तुम्ही कप्तान झालात." ते हसले नाहीत. म्हणाले, "खुर्च्या बोल्टानं कसल्यात, बाई. माणूस आडवं कुठं करायचं?"

मी साहेबांना विचारेन म्हटलं.

९ डिसेंबर, शुक्रवार

साहेब म्हणाले, स्ट्रेचरचं बघू.

द्वारकाबाईला तपासलं. आठवा भरत आलाय आणि मूल आडवं आहे. वळेलही अजून, पण मला ते आवडलं नाही. सरूबाईला बाजूला घेऊन सांगितलं, "आजी, हिला घरी बाळंत करायचं नाही. हात घालायचा नाही. जानेवारीच्या मध्यावर मीच हिला पैठणला घेऊन जाते. आधी दुखायला लागलं तर लगेच धोतर लावा."

"आन लांच नसली तर? गाडी जुंपू का?"

"गाडी नको. त्या वाटेनं सहा तास हादरे बसले तर वाटेतच काहीतरी होईल. लाँच रोज फिरते. थांबा, पण गाडी नको."

तिनं माझा हात धरून दोनदा विचारलं, "थांबायचं ना?" मी दोनदा म्हटलं, थांबायचं.

१० जानेवारी १९७८, मंगळवार

धक्क्यावर गेले तर चिठ्ठी: इंजिन दुरुस्तीसाठी लाँच गुरुवारपर्यंत बंद. मामा गणवेशात होते. आत दोन माणसं पडदे धुऊन लावत होती, कपबशांचं खोकं चढत होतं. बंद आहे तोवर साफसफाई उरकून घेताहेत, चांगलंच आहे. मी म्हटलं, "मामा, शुक्रवारी द्वारकाबाईला आणायचंय हं." ते म्हणाले, "शुक्कीरवारी आणूच."

१२ जानेवारी, गुरुवार

द्वारकाबाई गेली. मूल आधीच गेलं होतं.

संध्याकाळी सहा वाजता दवाखान्याच्या अंगणात गाडी आली. ती आत गवतावर पडली होती, गवत भिजून काळं झालं होतं. पुंजाराम बैलांच्या तोंडाशी उभा होता आणि दावं सोडत नव्हता. डॉक्टर धावत आले. तिला गाडीतून उतरवताही आलं नाही. माझा हात तिच्या मानेखाली होता. तिनं मला ओळखलं. म्हणाली, "बाई, थांबलो व्हतो आमी."

एवढंच.

१३ जानेवारी, शुक्रवार

पैठणलाच नदीकाठी दहन झालं. वच्छलाबाई पाचोडहून आल्या, त्यांना दोघी जणींनी धरलं होतं. फकिरामामा आले, पण लांब वडाखाली उभे राहिले. बहिणीनं हाक मारली तरी जवळ आले नाहीत. मी जाऊन म्हटलं, "मामा, त्यांना तुमची गरज आहे." ते वडाच्या बुंध्याआड सरकले. इतका जीव होता त्यांचा भाचीवर.

सरूबाई सारखं एकच सांगत होती. पहाटे कळा सुरू झाल्या, धोतर लावलं, आणि लाँच आली होती. पांढरी निळी, टेकाडाच्या समोरून गेली, जरा वळल्यासारखी झाली आणि सरळ गेली. "म्या बघितली. ह्या डोळ्यांनी." पुंजाराम ओरडला, "आये, गप! लांच बंद हाय. सहा तास धोतर लावून बसवलंस. गाडी जुंपू दिली नाहीस. तू मारलीस तिला."

म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, मीच तपासलेत. दुःखात माणसाला काय काय दिसतं.

पण थांबायला मी सांगितलं होतं. पुंजारामला ते सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं नाही.

२० जानेवारी, शुक्रवार

औरंगाबादला साहेबांच्या कचेरीत बोलावणं होतं. जबाब तयारच होता, टाइप केलेला. लाँच दिनांक १० ते १२ दुरुस्तीसाठी बंद होती, आणि रुग्णास नातेवाइकांनी हलगर्जीपणानं उशिरा आणलं. मी म्हटलं, "हलगर्जीपणा नाही, साहेब. त्यांनी वाट बघितली."

"म्हणजे उशीरच ना? सिस्टर, नाहीतर सल्ला कुणी दिला हा प्रश्न येतो. मला तुमच्यावर काही यायला नकोय." खूप आपुलकीनं बोलले.

बाहेर व्हरांड्यात मामा बसले होते, त्यांचाही जबाब होता. मी विचारलं, "मामा, बंदच होती ना?" ते जमिनीकडं बघत म्हणाले, "व्हय. बंद व्हती."

मी सही केली. खोटं तर काही लिहिलेलं नाही. उस्मानपुऱ्याला न जाता थेट पैठणची बस धरली. अम्मीनं चेहरा बघून विचारलं असतं.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

फेरे सुरू झालेत, पण खांबटाकळीला कुणी लाँचवर येत नाही. पोरंही धावत नाहीत. सरूबाईला पुंजारामनं गोठ्यात वेगळं काढलंय. त्याच्या हातचं पाणीही तिला मिळत नाही. मी गेले तर तिनं पाठ फिरवली. वस्ती तिला खोटारडी म्हणते. जबाबाची बातमी तिथवर पोचलीय: बाईंनीच सरकारला लिहून दिलं, तुमची चूक.

मामा माझ्याकडं चहाला यायचे बंद झालेत. धक्क्यावरून सरळ निघून जातात. साहेबांच्या मर्जीतला माणूस, आता माझ्याकडं कशाला बसेल. असं वाटतं, मग असं वाटल्याची लाज वाटते.

३ मार्च, शुक्रवार

सगळं लिहिते, जमेल तसं.

परतीच्या वाटेवर मामांनी पाण्याच्या मधोमध इंजिन बंद केलं. मला वाटलं बिघडलं. ते सुकाणूपाशी पाठमोरे बसून राहिले.

"बाई, मला धोतर दिसलं व्हतं."

मला कळेना कुठलं धोतर.

"म्हातारी खरं बोलतीया. लांच बंद नव्हती. मुंबईचे पाहुने व्हते, पक्षी बघायला आनलेले. साहेब संगं. त्या दोन दिवसांत चार फेरे झाले. ग्यारा वाजता टेकाडाम्होरं आलो आन धोतर दिसलं. मी सुकाणू वळवलं, बाई. हातानंच वळलं ते, माझ्या. साहेब म्हनले, कुठं चाललास? म्हनलो, कुनी तरी आजारी हाय. म्हनले, जेवायची वेळ झालीय लोकांची, येताना बघू. मी सरळ केलं."

"आणि येताना?"

"येताना धोतर नव्हतं."

तेव्हा कुठं त्यांना रडू फुटलं. "मला बरं वाटलं, बाई! देवाशपथ, मला बरं वाटलं. म्हनलो, कुनाचं तरी दुखनं थांबलं, म्हनून काढलं धोतर. घरी जाऊन पोटभर जेवलो मी."

तोवर गाडी काळ्या मातीत निम्म्या वाटेवर असेल.

थोड्या वेळानं म्हणाले, "मी वळवली असती तर काय केलं असतं साहेबानं? पान्यात ढकललं असतं का मला? नोकरी गेली असती. जाऊ द्यायची व्हती."

मी त्यांना काय बोलणार? लाँच मोकळी असते हे मी लिहून दिलं. थांबायला मी सांगितलं. सही मी केली. त्या बाईच्या मरणात माझ्याइतके हात कुणाचेच नाहीत. मी त्यांच्या शेजारी नुसती बसले. लाँच वाऱ्यानं हळूहळू फिरत राहिली.

५ मार्च, रविवार

उस्मानपुरा. अम्मीला सगळं सांगितलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "दस्तखत कर दी ना? अब चुप बैठ. नौकरी गई तो क्या खाना? अपन लोगां का कौन सुनता?"

मी म्हटलं, "अम्मी, उस बुढिया को घर में पानी नहीं मिल रहा."

तिनं सूप खाली ठेवलं. उठून अब्बांची जुनी दौत काढली, मग दौतीत शाई नाही हे लक्षात येऊन शेजारच्यांकडून पेन मागून आणलं. "लिख," म्हणाली. "मेरे सामने लिख. और पढ़ के सुना."

मागचा जबाब परत घेत असल्याचं लिहिलं. लाँच चालू होती, धोतर दिसलं होतं, कुणाच्या हुकमावरून ती वळली नाही. थांबण्याचा सल्ला माझा होता. मामांनी आधीच सांगून ठेवलंय, माझं नाव घाला. अर्ज उद्या जाईल, त्यावर खाली त्यांचा अंगठा उठेल.

७ मार्च, मंगळवार

आज लाँचनं गेले नाही. गाडीवाटेनं गेले, एका रिकाम्या गाडीत बसून. त्या वाटेचा एकेक दगड मला कळायला हवा होता. सहा तास नाही लागले, सात लागले.

पुंजारामला गोठ्यापाशी बोलावलं. सरूबाई आत गोणपाटावर बसली होती. मी दोघांसमोर म्हटलं, "आजी, तुम्हाला दिसली ती लाँचच होती. अकरा वाजता. तुम्ही खरं बोलत होता. आणि पुंजाराम, गाडी जुंपू नका हे यांना मी सांगितलं होतं. दोनदा."

पुंजाराम मटकन खाली बसला. आईकडं बघवेना त्याला. गव्हाणीत तोंड लपवून गुरासारखा ओरडत राहिला. मला शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सरूबाईनं विचारलं, "लांच कोन चालवत व्हतं?"

तिला माहीत होतं. तरी मी सांगितलं.

"वळला व्हता ना तो? जरासा?"

"हो. वळले होते."

"मी म्हनलं व्हतं," ती लेकाला म्हणाली. "वळल्यासारखी झाली म्हनलं व्हतं मी." मग माझा पदर ओढून मला खाली बसवलं. "फकिराला सांग, माझ्या म्होरं येऊ नको. माझ्यात तेवढा दम नाय. पन त्याच्या बहिनीला यातलं काई कळू देऊ नको, पोरी. वच्छलाची लेक गेली. भाऊ तरी ऱ्हाऊ दे तिला."

पुंजारामनं तिला उचलून घरात नेलं. ती म्हणत होती, चालते मी, चालते. त्यानं ऐकलं नाही.

११ एप्रिल, मंगळवार

अर्जाचं उत्तर आलं नाही. त्याऐवजी दोन हुकूम आले. माझी बदली सोयगावला. फकिरामामांना कामावरून कमी केलं. साहेब आहेत तिथंच आहेत.

लाँच आता पाहुण्यांनाही नको झालीय, नवी येणार म्हणे. लाँच नंबर तीनच्या खुर्च्या उपटून ती मासळीच्या ठेकेदाराला दिली. आज धक्क्यावर उभी होती, आत बर्फाच्या लाद्या आणि भुसा. पडदा एकच राहिलाय, त्याला कुणीतरी हात पुसलेत. मामा बघायला आले नव्हते. दवाखाना पाण्यावर जाणं संपलं. पाच वस्त्यांना कुणी कळवलं का, विचारलं. कुणालाच ठाऊक नाही.

२३ एप्रिल, रविवार

सोयगावला जाण्याआधी वच्छलाबाईंचा निरोप आला, भेटून जा. पाचोडच्या बाजारात त्या मिरच्या घेऊन बसल्या होत्या. मला पोत्यावर शेजारी जागा केली. द्वारका लहानपणी पाण्याला किती भ्यायची, ते सांगत राहिल्या. मी ऐकत राहिले.

मग म्हणाल्या, "फकिरा माझ्याकडंच हाय आता. लांच मासळीवाल्यांना दिली, काम गेलं त्याचं. पन काम गेल्याचं दुःख नाय त्याला, बाई. भाकरी पुढ्यात घेऊन बसतो आन तशीच ठिवतो. पोरीवर लई जीव. नेमकी त्याच दिवशी मिशीन बिघडली, न्हाईतर माझा भाऊ पान्यावरनं उडत गेला असता तिच्यासाठी. तुमचं ऐकतो तो. सांगा ना त्याला, मिशीन बिघडली त्याला तू काय करनार?"

"सांगते," मी म्हणाले.

गिऱ्हाईक आलं. त्यांनी मिरच्या मोजून दिल्या आणि पुन्हा माझ्याकडं वळल्या. माझ्या चेहऱ्यात काय दिसलं कुणास ठाऊक. हळूच विचारलं, "बिघडलीच व्हती ना, बाई?"

सात आठवड्यांपूर्वी अम्मीसमोर बसून मी जे खोटं अर्ज लिहून परत घेतलं होतं, तेच मला आता तोंडानं म्हणायचं होतं.

"हो," मी म्हणाले. "बिघडली होती."

त्यांनी डोळे पुसले. माझ्या पिशवीत दोन मुठी मिरच्या घातल्या आणि बस येईपर्यंत माझा हात हातात धरून बसल्या.